एआय कचेरीत येतंय. ‘नाही’ कोण म्हणणार?

टिपणीबहाद्दर | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. खान्देशातल्या एका तालुक्याच्या कचेरीत नोकरीला आहे. कोणता तालुका ते विचारू नका, निवृत्तीला अजून अकरा वर्षं आहेत.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे एक दिवसाचं प्रशिक्षण आहे. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), मंडळ अधिकारी, कारकून, सेतूवाले धरून साठ-सत्तर जण. त्यात ‘शासकीय सेवांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा नैतिक वापर’ यावर पाऊण तास मी बोलायचं आहे. मीच का? तर प्रिंटरमध्ये अडकलेला कागद कचेरीत मलाच काढता येतो.

सरकारी कागद चाळून झाले. नीती आयोगाने २०२१ मध्ये जबाबदार एआयची तत्त्वं काढली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना आणल्या, त्यात सात सूत्रं आहेत. विश्वास, न्याय्यता, उत्तरदायित्व वगैरे. वाईट काहीच नाही त्यात. पण हे वाचून दाखवलं तर लोक माना डोलावतील, चहा पितील आणि दुसऱ्या दिवशी होतं तेच करतील.

माझ्या डोक्यात भुंगा आहे तो वेगळाच. मागे आमच्याकडे एक सॉफ्टवेअर ‘चालवून बघायला’ आलं होतं. निराधार योजनेच्या जुन्या नस्त्यांमधून दुबार लाभार्थी हुडकून देणार होतं. एका महसूल मंडळात (काही गावांचा गट) त्याने इतक्या नावांवर लाल खूण केली की आम्ही खूशच झालो, केवढे बोगस सापडले! मग एका जुन्या शिपायाने यादी हातात घेतली आणि म्हणाला, "साहेब, या पाड्यावर सगळेच पावरा आडनावाचे. आणि सगळ्यांचा जन्म एक जानेवारीचा."

आधार काढताना ज्यांना जन्मतारीख सांगता आली नाही त्यांना ०१/०१ टाकून दिलेलं. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, गाव तेच, तारीख तीच. यंत्राच्या हिशेबी एकच बाई तीन ठिकाणी पैसे खाते आहे. प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्या, आणि तिघींची मिळकत वर्षाला २१,००० च्या मर्यादेत बसणारी. शिपाई त्या दिवशी रजेवर असता तर?

तर सांगा, या साठ-सत्तर जणांना मी काय सांगू?

भरीतपार्टी | सोमवार, रात्री १०:०५

तालुका सांगत नाही म्हणालात आणि पावरा म्हणून अर्धा सातपुडा सांगून टाकलात, भाऊ.

सल्ला एकच. तुमचं भाषण जेवणाच्या आधी ठेवा. भरीत-पुरीनंतर कोणी नैतिक राहत नाही, सगळे आडवे होतात.

केळीचा घड | सोमवार, रात्री १०:५१

रावेरकडचा आहे. माझा अनुभव सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही.

फळपीक विम्यात होतो. आमच्याकडे भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे सलग ठराविक दिवस राहिलं की रक्कम देय. नियम कळतो, तक्रार नाही. त्या वर्षी मंडळाला भरपाई लागू झाली, शेजाऱ्याच्या खात्यात पैसे आले, माझे नाही. चौकशी केली तर म्हणे उपग्रहाच्या चित्रात तुमच्या गट नंबरच्या जमिनीत केळी दिसत नाही.

अरे, लागवड होऊन महिना झालेला! टिश्यू कल्चरचं रोप तेव्हा गुडघ्याएवढं पण नसतं. वरून काळी जमीनच दिसणार. ई-पीक पाहणीत मी स्वतः बांधावर उभं राहून फोटो टाकलेला, त्याची नोंद सातबाऱ्यावर आहे. एका सरकारी नोंदीत केळी आहे आणि दुसऱ्या चित्रात नाही. मग दोघांत खरं कोण हे बघायला शेतात माणूस यायला हवा की नको? तीन कार्यालयं फिरलो. तिन्ही ठिकाणी एकच वाक्य ऐकलं, "सिस्टीममध्ये तसं दिसतंय." त्या वाक्यावर अपील कुठे करायचं ते अजून कोणी सांगितलं नाही.

तुमच्या भाषणात या वाक्यावर बंदी घाला. बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल.

उलटी गंगा | मंगळवार, सकाळी ७:३०

सगळे यंत्राच्या मागे लागलात म्हणून दुसरी बाजू.

माझ्या आईचा वारस फेरफार वर्षभर अडकला होता. कारण? यंत्र नव्हतं, माणूस होता म्हणून. यंत्र चहापाणी मागत नाही, जात विचारत नाही, "उद्या या" म्हणत नाही. आज तालुक्याच्या ठिकाणी आदिवासी म्हातारीला खिडकीवर कसं बोलतात ते बघितलंय सगळ्यांनी. तिला यंत्रच बरं वाटेल. उगाच नैतिकतेचा बाऊ करून जुन्या लोकांची खुर्ची शाबूत ठेवायचा हा प्रकार आहे.

टिपणीबहाद्दर | मंगळवार, सकाळी ८:१२

गंगाभाऊ, खिडकीवरच्या बोलण्याबद्दल वाद घालणार नाही. मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो, मला माहीत आहे.

पण माणूस "उद्या या" म्हणाला तर त्याला नाव असतं, त्याच्याविरुद्ध अर्ज करता येतो. केळीभाऊंनी अर्ज कोणाविरुद्ध करायचा?

भुसावळ जंक्शन | मंगळवार, दुपारी १:२०

गाव भुसावळ, पोटापाण्यासाठी पुण्यात, काम याच धंद्यातलं. फळ्यावर एक गणित मांडा, पाऊण तासातली दहा मिनिटं त्यालाच द्या.

समजा १०,००० अर्ज आहेत आणि त्यातले खरोखर बोगस २००. यंत्र शंभरात नव्वद वेळा बरोबर ओळखतं असं धरू. विकणारा छाती फुगवून सांगेल, ९० टक्के अचूक! आता मोजा. २०० बोगसांपैकी १८० सापडले. छान. पण उरलेल्या ९,८०० खऱ्या अर्जदारांपैकी दहा टक्क्यांवर, म्हणजे ९८० जणांवरही लाल खूण पडली. एकूण खुणा १,१६०, त्यात खरे चोर १८०. म्हणजे लाल खूण असलेली सहा माणसं समोर उभी केली तर त्यातली पाच निर्दोष. ‘९० टक्के अचूक’ ऐकल्यावर हे कोणाच्याही डोक्यात येत नाही, आणि आमच्या धंद्यातले लोक ते आपणहून सांगतही नाहीत.

दुसरं. पुरवठादाराने दाखवलेल्या नमुन्यावर जाऊ नका, तो त्याने निवडलेला असतो. तुमच्याच कचेरीतल्या, हाताने तपासून निकाल लागलेल्या पाचशे जुन्या नस्त्या द्या आणि चुका मंडळवार मोजा. शहरालगतच्या मंडळात दोन चुका आणि पाड्यांच्या मंडळात साठ, अशी सरासरी काढली तर सगळं गोड दिसतं. तुमच्या ०१/०१ च्या म्हाताऱ्या सरासरीत बुडतात.

नावांचा घोळ तर विचारू नका. वळवी एका यादीत ‘व्ही’ने, दुसऱ्या यादीत ‘डब्ल्यू’ने. इंग्रजीतून मराठीत आणि परत इंग्रजीत गेलेलं पाडवी ओळखू येत नाही. इथे यंत्र उलटं चुकतं, एकाच माणसाचे दोन करतं.

सेविका | मंगळवार, रात्री ९:१५

मी अंगणवाडीत आहे, अक्राणीच्या बाजूला. तुमच्यासारखं लिहिता येत नाही पण सांगते.

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी पोषण ट्रॅकर ॲपमध्ये चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. आधी केवायसी, मग फोटो, तो जुळला की आहार दिल्याची नोंद. आमच्या पाड्यावर रेंज नाही. टेकडीवर गेलं की येते. म्हणजे बाळंतीण बाईला बाळ घेऊन टेकडी चढवायची का? ओटीपी येतो नवऱ्याच्या मोबाईलवर आणि नवरा असतो गुजरातेत ऊसतोडीला. कधी बाई स्वतःच गेलेली असते आणि आहार न्यायला सासू येते. सासूचा चेहरा कसा जुळणार?

मी आहार देते. वहीत सही-अंगठा घेते. पण ॲपमध्ये आकडा कमी दिसतो आणि बैठकीत मला उभं करून विचारतात, तुमचं काम कमी का? बाई उपाशी राहिली तर ॲपमध्ये कळत नाही. मी आहार दिला तरी ॲपमध्ये कळत नाही. ज्यांनी हे बनवलं त्यांनी एक दिवस माझ्यासोबत टेकडी चढावी.

केळीचा घड | मंगळवार, रात्री ९:२८

ताई, तुमचा प्रतिसाद आत्तापर्यंतचा सगळ्यात भारी. लिहिता येत नाही म्हणू नका.

तापीकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

थोडं अवांतर. देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात दिलं गेलं. शहादा तालुक्यातलं टेंभली, २९ सप्टेंबर २०१०, पंतप्रधान स्वतः आले होते. म्हणजे नव्या यंत्राचा पहिला प्रयोग आपल्यावर ही काही आजची गोष्ट नाही. प्रयोग झाल्यावर विचारपूस करायला मात्र सहसा कोणी फिरकत नाही.

निवृत्त आप्पा | बुधवार, पहाटे ५:५०

चौतीस वर्षं महसुलात काढली, नायब तहसीलदार म्हणून बाहेर पडलो. पहाटे झोप लागत नाही म्हणून लिहितो, लांबेल.

सातबारा संगणकावर आला तेव्हा मी मंडळ अधिकारी होतो. हस्तलिखितात बरोबर असलेली नावं टंकताना गळाली. क्षेत्र चुकलं, इतर हक्कातले बोजे उडाले. चुका होणारच, एवढं मोठं काम. वाईट झालं ते पुढे. माणूस हस्तलिखित उताऱ्याची जुनी नक्कल घेऊन यायचा, दोन्ही कागद समोर ठेवायचा, आणि आमचा तलाठी म्हणायचा, "कॉम्प्युटरला नाही ना!" त्याच तलाठ्याला त्या शेताचा बांध न बांध पाठ होता. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास त्याने एका पडद्यापायी सोडून दिला. मी पण सोडला होता काही दिवस, खोटं कशाला बोलू. एका बाईने मला समोर बसून विचारलं, "मन्हं नाव कसाले काटं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी काटलंच नव्हतं. नियमाने सही मात्र माझी होती.

म्हणून मी एक साधा नियम सांगेन, तो फळ्यावर लिहा. ‘हो’ म्हणायचं काम यंत्राला खुशाल द्या. कागद पूर्ण आहेत, मर्यादेत बसतंय, दे मंजुरी. गंगाभाऊंच्या आईचा फेरफार वर्षभर अडकणार नाही. पण ‘नाही’ म्हणायचं असेल तर ते हाडामासाच्या माणसाने, कारण लिहून, नाव आणि हुद्दा घालून म्हणायचं. त्यासाठी नवीन कायदा लागत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं, वर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. कसूर झाली तर ५०० ते ५,००० रुपये दंड अधिकाऱ्याला, यंत्राला नव्हे. "सिस्टीममध्ये तसं दिसतंय" हे कारण होत नाही. सिस्टीमला कशामुळे तसं दिसतंय ते लिहिता आलं पाहिजे. लिहिता येत नसेल तर फेटाळू नका.

धुळे कोर्ट रोड | बुधवार, सकाळी ११:०५

आप्पांना नमस्कार करून थोडा विरोध.

लेखी कारणाबद्दल पूर्ण सहमत. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(घ) पण जोडा. प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं हे प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, कोणी अर्ज करायची वाट बघायची नाही. आणि दुसरी बाजू ऐकल्याशिवाय हक्क काढून घ्यायचा नाही हे तर नैसर्गिक न्यायाचं बाळकडू आहे.

पण यंत्राचं ‘हो’ निरुपद्रवी असतं हे पटत नाही. आज झटपट ‘हो’ आणि चार वर्षांनी दुसरं यंत्र येऊन म्हणतं, तुम्ही अपात्र होता, पैसे परत करा. ऑस्ट्रेलियात नेमकं हेच झालं. तिथे भत्ता पंधरवड्याच्या कमाईवर ठरायचा. पडताळणीच्या संगणकाने वर्षाची कमाई घेतली आणि सगळ्या पंधरवड्यांत सारखी वाटून टाकली. ज्याने सहा महिने काम केलं आणि सहा महिने बेकार होता, तो कागदावर वर्षभर कमावता झाला. लाखो लोकांना खोट्या वसुलीच्या नोटिसा. प्रकरणाचं नाव रोबोडेट, २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि त्याने सरकारचं काही शिल्लक ठेवलं नाही. आता हाच हिशेब कापूस वेचणाऱ्या बाईला लावून बघा. दिवाळीच्या आगेमागे हातात दोन पैसे, चैत्र-वैशाखात काही नाही. तिची सरासरी काढणारा माणूस असो की यंत्र, चुकणारच.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यात फसवणूक शोधणाऱ्या यंत्रणेने परकीय नागरिकत्व हेच संशयाचं एक कारण धरलं. हजारो कुटुंबं वसुलीने धुऊन निघाली आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे तेलंगणात संगणकाने नावं जुळवून रद्द झालेल्या शिधापत्रिकांची घरोघर जाऊन फेरतपासणी करा असं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. त्याच वर्षी हरियाणात सरकारी नोंदीत मेलेल्या १०२ वर्षांच्या आजोबांनी आपण जिवंत आहोत हे दाखवायला वाजतगाजत वरात काढली.

तेव्हा आप्पा, नियमात वसुलीही घाला. वसुली म्हणजे उशिरा म्हटलेलं ‘नाही’च.

निवृत्त आप्पा | बुधवार, सकाळी ११:४०

मान्य. वसुली सुटली होती माझ्याकडून. चांगलं धरलंत, वकीलसाहेब.

उलटी गंगा | बुधवार, दुपारी ३:१८

ठीक आहे, मी थोडा मवाळ होतो. पण व्यवहाराचं बोला. जंक्शनभाऊंच्या हिशेबाने १,१६० लाल खुणा. प्रत्येकाला नोटीस, सुनावणी, स्थळपाहणी, लेखी कारण. निम्मी पदं रिकामी असलेल्या कचेरीत हे करणार कोण? शेवटी काय होणार, कारकून ‘यंत्राशी सहमत’ असा एक शेरा बनवेल आणि १,१६० वेळा चिकटवेल.

भुसावळ जंक्शन | बुधवार, सायंकाळी ६:०२

हा धाग्यातला सगळ्यात खरा प्रश्न आहे, आणि याला उत्तर आहे.

खुणा किती पाडायच्या हे यंत्र ठरवत नाही. संशयाची पट्टी कुठे धरायची ते माणूस ठरवतो. तर उलट्या टोकाने सुरुवात करा. तुमच्या कचेरीत महिन्याला नीट सुनावण्या किती होऊ शकतात? चाळीस? मग महिन्याला चाळीसपेक्षा जास्त खुणा पाडूच नका, सर्वांत ठळक संशयाच्या चाळीस घ्या. काही बोगस सुटतील. सुटू देत. आज कोणतं यंत्र त्यांना पकडतंय?

आणि ‘यंत्राशी सहमत’ची नोंद ठेवा. एखादा कर्मचारी महिनाभर दर वेळी सहमत असेल तर तो वाचत नाहीये. यंत्राचा शेरा त्याला आधी दाखवूच नका. आधी त्याने नस्ती बघून मत लिहायचं, मग खूण दिसेल. हे करारातच पुरवठादाराकडून लिहून घ्या. यंत्राने काय पाहिलं, कधी पाहिलं, माणसाने काय ठरवलं याची नोंद कचेरीच्या मालकीची. नंतर ‘आमचं व्यावसायिक गुपित’ म्हणून हात वर करता येणार नाहीत. निविदेत नसलेली गोष्ट नंतर फुकट मिळत नाही.

धुळे कोर्ट रोड | बुधवार, सायंकाळी ६:३०

एक राहिलंच. मोठ्या सॉफ्टवेअरची वाट कशाला बघता, एआय कचेरीत आलेलंच आहे, प्रत्येकाच्या खिशात. पत्राचा मसुदा करायला लोक अख्खा अर्ज चॅटजीपीटीत चिकटवतात, आधार क्रमांक आणि आजारपणाच्या कागदांसकट. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकावर असली साधनं वापरू नका असं कळवलं होतं. वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. किमान एवढं सांगा, नाव-गाव-क्रमांक काढल्याशिवाय काही चिकटवायचं नाही.

टिपणीबहाद्दर | बुधवार, रात्री १०:१०

वकीलसाहेब, हे वाचून मान खाली गेली. गेल्या आठवड्यात मी स्वतः एक अर्ज असाच चिकटवला होता.

सेविकाताई, एक विचारायचं होतं. नोटीस मराठीत छापील जाते, ती पाड्यावर कोण वाचतं?

सेविका | गुरुवार, सकाळी ६:४०

कोणी नाही. माझ्याकडे आणतात, मी वाचून सांगते. कागदाच्या आधी माणूस आला पाहिजे, नाहीतर बाजाराच्या दिवशी निरोप. आमच्याकडे पावरी बोलतात, खाली भिली, तुमच्याकडे अहिराणी. फोनवर बोलणारं यंत्र आणलं तरी ते कोणत्या भाषेत बोलेल ते आधी विचारा.

भुसावळ जंक्शन | गुरुवार, सकाळी ९:००

ताईंचं बरोबर आहे. सरकारी भाषांतर यंत्रणांचा मुख्य भर आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर, अहिराणी त्यात नाही. आदिवासी मंत्रालयाने २०२५ मध्ये आणलेल्या ‘आदि वाणी’त भिली आहे, पण ती मध्य प्रदेशातली धरून. नंदुरबारची म्हातारी ती भाषा कितपत समजते हे तिच्यासमोर बसूनच कळेल.

भरीतपार्टी | गुरुवार, सकाळी ९:२५

कोणी लाडकी बहीण काढली नाही अजून, आश्चर्य आहे.

संपादक | गुरुवार, सकाळी ९:३१

काढूही नका. कुलूप लावावं लागेल.

टिपणीबहाद्दर | २६ दिवसांनी, रात्री ११:०४

धागा वर काढतोय. प्रशिक्षण आज झालं.

सूत्रं वाचली नाहीत. १,१६० चं गणित फळ्यावर मांडलं, सभागृह गप्प झालं. मग तीन म्हाताऱ्यांच्या नस्त्या, नावं झाकून, टेबलांवर वाटल्या आणि सांगितलं, ठरवा. आठ टेबलांपैकी सहांनी दुबार म्हणून बंद करायची शिफारस केली. दोन टेबलांनी विचारलं, बाईला भेटता येईल का? तिथून पुढे मला फारसं बोलावंच लागलं नाही.

शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. मागून एक कोतवाल (म्हणजे आताचे महसूल सेवक) उठले. "साहेब, मशीन चुकनं ते तेनी बी विभागीय चौकशी लागस का?" सगळे हसले. साहेबही हसले. मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी आप्पांचा नियम सांगितला. साहेब म्हणाले, म्हणजे चौकशी माझी लागणार. हो म्हणालो. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, तर मग महिन्याला पंचवीसच खुणा घ्या, चाळीस मला झेपणार नाहीत.

एक शिक्काही करून घ्यायचं ठरलंय: ‘यंत्राचा शेरा पाहिला. अर्जदारास भेटलो / भेटलो नाही. कारण: ______. नाव व हुद्दा: ______.’

केळीचा घड | २६ दिवसांनी, रात्री ११:२०

शिक्क्याचा फोटो टाका. आमच्याकडे तीन कार्यालयांना भेट द्यायचा आहे.

टिपणीबहाद्दर | २९ दिवसांनी, सायंकाळी ७:४५

आला होता, परत पाठवला. बनवणाऱ्याने जागा पुरेना म्हणून ‘कारण’ची ओळ काढून टाकली होती.